राब, बुट्टी आणि पोतं

आजऱ्यात खताचा विचार करायचा तर आधी पावसाचा करावा लागतो. तालुक्याच्या पश्चिमेला आंबोलीचा डोंगर आहे. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तिथेच हिरण्यकेशी उगम पावते. आंबोलीकडून गडहिंग्लजकडे येऊ लागलं की पाऊस झपाट्याने उतरत जातो, आजरा या उताराच्या मध्यावर येतो. माती जांभ्याची, लाल. शेकडो वर्षांच्या पावसाने तिच्यातला चुना, मॅग्नेशियम, पालाश धुऊन नेलं. मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. अशी माती आम्ल असते. तिच्यात घातलेलं स्फुरद लोहाला चिकटून बसतं आणि मुळांच्या हाती लागत नाही. नत्र पाण्याबरोबर ओढ्याला जातं. काळ्या रानात एकदा दिलेलं खत पुढच्या हंगामालाही थोडंफार पुरतं, इथल्या उतारावर मात्र दर मिरगाला नव्याने सुरुवात करावी लागते.

या तालुक्यात गेल्या दीडशे वर्षांत खत बदलत गेलं. शेणखत श्रेष्ठ की रासायनिक, या वादात आपण इतके रंगतो की हे बदल का झाले याकडे लक्षच जात नाही. मला दिसतं ते असं: जमिनीला काय हवं याचा विचार होऊन खत बदललं असं क्वचित घडलं. ओझं कोणी वाहायचं, हे बदललं की खत बदललं.

सुरुवात राबापासून करू. आजरा, भुदरगड, चंदगड या पट्ट्यात भाताच्या रोपाला तरवा म्हणतात आणि तो टाकायची जागा पावसाआधी भाजून काढतात. उन्हाळ्यात झाडांचे टाळे तोडायचे, झुडपं, पालापाचोळा, वाळलं गवत, शेण यांचे थर त्या जागेवर पसरायचे, वर मातीची भुकटी टाकायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवून द्यायचं. धग सावकाश मुरायला हवी, भडका उडाला तर काम बिघडलं. मग पहिल्या पावसावर बी फेकायचं. एका एकराच्या लावणीला लागणारा तरवा फार थोड्या जागेत तयार होतो, पण ती जागा भाजायला डोंगराचा बराच मोठा तुकडा ओरबाडावा लागतो.

इंग्रजी मुलखात याच राबावरून मोठं रण पेटलं. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांना टाळे तोडायला बंदी आली, ओरड झाली आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनआयोग नेमावा लागला. जंगलखात्याच्या साहेबांना राब म्हणजे अडाणी लोकांनी केलेली झाडांची नासाडी वाटत होती. आजरा तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हता. इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीतला तो एक महाल होता आणि जहागीर कोल्हापूर संस्थानात. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं ते १९४९ मध्ये. पण डोंगर तोच, भात तेच आणि प्रश्नही तोच होता.

राब खरंच अडाणीपणा आहे का, हे कोणीतरी प्रयोग करून पाहायला हवं होतं. ते काम पुण्याच्या शेतकी कॉलेजात झालं. हॅरॉल्ड मान हे तिथले प्राचार्य. त्यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या दोन सहकाऱ्यांबरोबर राबाचा अभ्यास केला आणि १९१२ मध्ये तो छापला. नुसती राख आणून टाकली तर राबाचा सगळा गुण येत नाही, मातीला बसणारी धगही कामाची असते, असं त्यातून दिसलं. मातीतलं अडकलेलं नत्र धगीने मोकळं होतं, तणाचं बी मरतं, राखेतून पालाश आणि थोडा चुना मिळतो. आम्ल जमिनीत कोवळ्या रोपाला याहून जास्त काय हवं? आजऱ्याच्या शेतकऱ्याने ही रसायनं कधी ऐकली नव्हती, पण तरवा कुठे, किती आणि केव्हा भाजायचा हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

याच्या तीस वर्षं आधी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये खताची बाजू वेगळ्या अंगाने मांडली होती. डोंगरावरचा पालापाचोळा, गुराढोरांचं शेण-मूत पावसाच्या पाण्याबरोबर वाहून येऊन पूर्वी शेतात मुरायचं; जंगलखात्याने कुरणं आणि डोंगर बंद केल्यावर तो पुरवठाच तुटला, हे त्यांनी सांगितलं. उपायही सांगितला: सरकारने मोकळ्या बसलेल्या शिपायांकडून ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत. शेताचं खत शेतात तयार होत नाही, ते डोंगरावरून, गायरानातून, म्हणजे सगळ्यांच्या मालकीच्या जागेतून येतं, हे फुल्यांना १८८३ मध्ये दिसलं होतं. आजच्या बऱ्याच सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत ते दिसत नाही.

आता शेणखत. त्याच्याबद्दल आपण फार हळवेपणाने बोलतो, म्हणून थोडं गणित करू. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का असतं. युरियात ४६ टक्के. आजच्या ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात २०.७ किलो नत्र बसतं. तेवढं नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टनांहून जास्त खत लागेल, म्हणजे आठ-नऊ बैलगाड्या. शिवाय शेणखतातलं नत्र पहिल्याच हंगामात सगळं सुटत नाही, तीन वर्षांत थोडं थोडं सुटतं. हा त्याचा गुण आहे, पण ज्याला याच वर्षी सावकार फेडायचा आहे त्याच्या लेखी तो दोषच.

हे चार टन कोणी वाहिलं? गाडीवाटेपर्यंत बैलांनी, आणि गाडीवाट संपली की बायकांनी. आजऱ्याची भातखाचरं पायऱ्यापायऱ्यांची आहेत, वरच्या बांधाला गाडी जात नाही. गोठ्यातलं शेण सकाळी उचलायचं, उकिरड्यावर टाकायचं आणि अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे तेच खत बुट्टीत भरून डोक्यावरून शेतात नेऊन त्याचे ढीग घालायचे, विसकटायचे. हे काम कोणत्याही खतपत्रकात मजुरी म्हणून धरलेलं मी पाहिलेलं नाही. सेंद्रिय खत ‘बिनखर्ची’ असतं असं जेव्हा एखादा वक्ता सांगतो, तेव्हा त्याच्या हिशेबात ही बुट्टी नसते.

शेण सगळंच शेतात जात होतं असंही नाही. चुलीला शेणी लागायच्या. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर डिसेंबर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, वर्षभर देश हिंडले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल निघाला. हिंदी शेतकरी मागास आहे हे सरकारी मत त्यांनी पार उलटवलं. त्याचं कसब इंग्लंडच्या सरासरी शेतकऱ्याच्या तोडीचं आहे, कुठे कुठे वरचढ, असा त्यांचा निर्वाळा. शेण जाळलं जातं ते अज्ञानाने नव्हे, लाकूड मिळत नाही म्हणून. तेव्हा गावोगाव जळणाची आणि चाऱ्याची वनं राखा, असं त्यांनी बजावलं. त्याच काळात इथली हाडं आणि तेलबियांची पेंड परदेशी जहाजांत भरली जात होती. म्हणजे देशाचं स्फुरद आणि नत्र युरोपच्या शेतात चाललं होतं, आणि इथे चर्चा शेतकऱ्याच्या अडाणीपणाची.

शेणाची कमतरता धनगर भरून काढत. उन्हाळ्यात मेंढरांचे कळप रानात बसवायचे, बदल्यात धान्य द्यायचं. मेंढराचं मूत आणि लेंडी थेट जमिनीत पडते, वाहणावळ नाही, म्हणून मेंढरं बसवलेलं रान वेगळं ओळखू येतं. खतांच्या सगळ्या जुन्या व्यवस्थांमध्ये मला हीच सर्वांत शहाणी वाटते.

व्होल्कर आणि मान या दोघांना जोडणारी एक जागा इंग्लंडमध्ये आहे: वोबर्न. तिथल्या रेताड जमिनीवर १८७७ पासून दर वर्षी त्याच वाफ्यात गहू आणि बार्ली घेऊन वेगवेगळ्या खतांची तुलना चालू होती. व्होल्कर त्या केंद्राचे प्रमुख होते. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलेले वाफे आम्ल होत गेले, इतके की बार्ली उगवेनाशी झाली. चुना घातल्यावर ती परत आली. शेणखताच्या वाफ्यांना असं काही झालं नाही. पुण्याची नोकरी संपवून मान इंग्लंडला परतले आणि १९२८ मध्ये याच वोबर्नचे प्रमुख झाले. ज्या माणसाने सह्याद्रीच्या आम्ल मातीत राखेचा गुण मोजला, त्याच्याच हाती अमोनियम सल्फेटने मेलेली माती आली. रासायनिक खताने जमीन मरते असं सरसकट म्हणणाऱ्यांनी आणि ते खोटंच आहे म्हणणाऱ्यांनीही वोबर्नची गोष्ट पुरी वाचावी. जमीन मेली ती एकाच क्षाराच्या अतिरेकाने आणि चुन्याच्या अभावाने. आजऱ्याची माती मुळातच आम्ल, तेव्हा हा धोका इथे काळ्या रानापेक्षा कितीतरी जवळचा.

कंपोस्टचा इतिहास मात्र आपल्याच माणसांच्या घरातून जातो. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड होळकरांच्या इंदूरला संशोधन संस्था चालवत होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक वेळी ढीग उलटून तीन महिन्यांत खत तयार करायची ‘इंदूर पद्धत’ तिथली. त्यावरचं पुस्तक १९३१ मध्ये निघालं, त्यावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पहिलं नाव पुढे जगभर झालं, इंग्लंडच्या सेंद्रिय शेती चळवळीने त्यांना गुरू मानलं. वाडांचं नाव महाराष्ट्रातल्या सेंद्रिय शेतीच्या मेळाव्यांतसुद्धा क्वचित ऐकू येतं. हॉवर्ड तरी प्रांजळपणे सांगत की आपण हे इथल्या शेतकऱ्यांकडून आणि चीनच्या जुन्या पद्धतींवरून शिकलो.

आजऱ्याहून घाट उतरून कोकणात गेलं की कणकवली. तिथे अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम काढला. खताच्या प्रश्नात जो भाग सगळे टाळतात, त्याला त्यांनी हात घातला: माणसाचा मैला. पुण्याभोवतीच्या उसाला सोनखत देण्याची चाल एकोणिसाव्या शतकातली. ऊस त्याने जोमदार यायचा, पण ते खत डोक्यावरून वाहणारा माणूस जातीने ठरलेला होता. पटवर्धनांनी असे संडास बसवले की मैल्याचं आपोआप खत व्हावं आणि कोणाच्या डोक्यावर पाटी येऊ नये. स्वतः सफाईचं काम केलं, मेलेली जनावरं सोलायला शिकले. जुन्या खताची व्यवस्था निसर्गाला धरून होती हे खरं, पण माणसाला धरून नव्हती, हे अप्पासाहेबांइतकं स्पष्ट कोणी दाखवलं नाही.

मग पोतं आलं.

सिंद्रीचा सरकारी कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला आणि अमोनियम सल्फेटची पोती देशभर निघाली. महाराष्ट्राच्या भातशेतीत ती शिरली जपानी पद्धतीच्या पाठीवरून. बोरिवलीच्या कोरा केंद्रात या पद्धतीचे प्रयोग झाले होते आणि १९५३ पासून तिची देशव्यापी मोहीम निघाली: गादीवाफ्यावर रोप, दोरी धरून ओळीत लावण, कोळपणी आणि भरपूर खत. गंमत अशी की गांधीवाद्यांच्या केंद्रातून निघालेल्या या मोहिमेने रासायनिक खत गावागावांत नेलं. मोहिमेत कंपोस्टही होतं. पण कंपोस्टला तीन महिने लागतात आणि पोतं एका दिवसात येतं.

कूळकायद्याचाही यात वाटा आहे, आणि तो खतांच्या इतिहासात सहसा कोणी लिहीत नाही. पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे राहील की नाही याचा भरवसा नसलेलं कूळ त्या जमिनीत शेणखत कशाला घालेल? त्याचा गुण तीन वर्षं टिकतो, म्हणजे दोन वर्षांचा फायदा मालकाला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, कसणारा मालक झाला, तेव्हा खरं तर शेणखताचे दिवस यायला हवे होते. पण नेमक्या त्याच सुमारास गावोगावच्या विकास सेवा सोसायट्या पीककर्ज देऊ लागल्या आणि त्यातला एक भाग खताच्या रूपाने मिळू लागला. पोतं उधारीवर येत होतं. उकिरड्याला कर्ज देणारी सोसायटी अजून निघालेली नाही.

१९६५ मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याची जाहीर शपथ घेतली, नाहीतर मला फाशी द्या म्हणाले. त्याच वर्षी तुर्भ्याचा खत कारखाना सुरू झाला. त्याचं १५:१५:१५ ‘सुफला’ पुढे घराघरात पोचलं. १९७३ मध्ये गोव्यात झुआरीचा कारखाना निघाला. १९६६ पासून ताइचुंग, आयआर-८ या बुटक्या भातजाती आल्या. जुनं उंच भात नत्र जास्त झालं की आडवं पडतं, हे बुटके वाण पडत नाहीत, खाल्लेलं सगळं दाण्यात उतरवतात. वाण आणि पोतं एकमेकांसाठीच जन्मले होते. त्या काळात देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता, लोकांच्या पोटात अन्न घालायचं होतं, आणि ते युरियाने घातलं. आज पोट भरल्यावर त्या पिढीला दोष देणं सोपं आहे, मला ते पटत नाही.

आजऱ्याचं चित्र पुरतं बदललं ते उसाने. चित्री धरणाचं पाणी आलं, गवशाला साखर कारखाना झाला आणि नदीकाठची भातं नि नाचणी उसाखाली गेली. सुरू उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश अशी आहे. आडसाली उसाला ४०० किलो नत्र. नुसत्या शेणखतातून २५० किलो नत्र द्यायचं तर हेक्टरी पन्नास टन. तेवढी जनावरं तालुक्यात कधीच नव्हती, आणि उसाबरोबर होती तीही घटली, कारण बैलाचं काम ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर करू लागले. गायरानं गेली, वैरण विकत आली. गुळाच्या जुन्या गुऱ्हाळवाल्यांना जास्त नत्राचा ऊस नको असतो, त्याचा गूळ घट्ट बसत नाही आणि टिकत नाही. कारखान्याला वजन हवं. ऊस कुठे जातो यावर खत ठरलं.

बाकीचं दिल्लीत ठरलं. १९७७ मध्ये मराठे समितीच्या शिफारशीवरून खतकारखान्यांना त्यांचा उत्पादनखर्च भरून देण्याची पद्धत सुरू झाली आणि शेतकऱ्याला पोतं कमी ठरावीक भावात मिळू लागलं. ऑगस्ट १९९२ मध्ये सरकारने स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचं नियंत्रण काढलं, युरियावरचं ठेवलं, उलट युरिया थोडा स्वस्तच केला. परिणाम एका वर्षात दिसला. देशातल्या नत्र-स्फुरद-पालाशाच्या वापराचं प्रमाण ५.९:२.४:१ होतं, ते ९.५:३.२:१ झालं. २०१० मध्ये पोषणमूल्यावर आधारित अनुदान आलं, त्यातूनही युरिया बाहेरच. २०२२ मध्ये ५० किलो डीएपीला १३५० रुपये, पोटॅशला १७०० च्या घरात आणि ४५ किलो युरियाला २६६ रुपये ५० पैसे. शेतकरी युरियाच जास्त टाकतो म्हणून त्याला शहाणपण शिकवणाऱ्यांनी हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत. आता ओझं बायकांच्या डोक्यावर नाही, बैलाच्या मानेवर नाही. निम्मं सरकारी तिजोरीवर आहे आणि निम्मं मातीवर.

मातीवरचं ओझं किती, ते हिमाचलातल्या पालमपूरच्या प्रयोगात कळतं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खतप्रयोग १९७० पासून देशात अनेक ठिकाणी चालू आहेत. पालमपूरची जमीन डोंगरी, आम्ल, म्हणजे आजऱ्याची नातेवाईक. तिथे नुसतं नत्र देत गेलेल्या वाफ्यांत पीक कमी कमी होत शेवटी जवळजवळ शून्यावर आलं. तिन्ही अन्नद्रव्यं आणि जोडीला शेणखत दिलेले वाफे सर्वांत वर राहिले. जिथे आम्लता चुन्याने मारली तिथेही जमीन सावरली. वोबर्नला जे दिसलं तेच, शंभर वर्षांनी, आपल्या देशात.

या सगळ्यात आजऱ्याच्या शेजारी एक वेगळा प्रयोग चालू होता. तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, पुढे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झालेले, यांनी १९४७ मध्ये भुदरगडच्या गारगोटीला मौनी विद्यापीठ काढलं. तिथे श्री. अ. दाभोळकर गणित शिकवत. गणिताच्या या मास्तरांनी शेतीकडे सूर्यप्रकाशाचा हिशेब म्हणून पाहिलं: किती पान, किती दिवस, किती ऊन, त्यातून किती अन्न. ‘प्रयोग परिवार’ नावाने त्यांनी शेतकऱ्यांचं असं जाळं विणलं की ज्यात विद्यापीठ नव्हतं, अनुदान नव्हतं, प्रत्येकाने आपल्या शेतात प्रयोग करायचा आणि आकडे दुसऱ्याला सांगायचे. दहा गुंठ्यांत एक कुटुंब चांगलं जगू शकतं हे त्यांचं म्हणणं. सांगली भागातल्या द्राक्षबागायतदारांनी त्यांच्यापासून खूप घेतलं. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक सेंद्रिय शेतीवरच्या मराठी पुस्तकांत मला सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यात श्रद्धा कमी आणि मोजमाप जास्त आहे. नंतरच्या काळात अमृतपाणी आलं, सुभाष पाळेकरांचं जीवामृत आलं: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती. त्यातले जिवाणू कामाचे असतील, पण दहा किलो शेणातलं नत्र पन्नास ग्रॅम. उसाचं पोट त्यावर भरणार नाही, हे गुऱ्हाळावर बसलेला कोणीही सांगेल.

मग आजऱ्याच्या भाताने काय करावं? याचं सर्वांत चांगलं उत्तर डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्रीत आहे. पहिलं सूत्र: भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत मिसळायची, तिच्यातल्या सिलिकाने रोप ताठ होतं. दुसरं: लावणीआधी गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडायचा. तिसरं: १५ आणि २५ सेंटीमीटर अंतर आलटून पालटून ठेवत नियंत्रित लावण. चौथं: युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी प्रत्येक चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचायची, हेक्टरी ६२,५०० गोळ्या. फेकलेला युरिया पावसाने वाहून जातो, खोल खोचलेला मुळाशी थांबतो. राखेत राबाची आठवण आहे, पाल्यात डोंगराची आणि गोळीत कारखान्याची. कृषी खात्याने कोकणात आणि घाटमाथ्याच्या भात तालुक्यांत चारसूत्रीचा प्रचार केला. तरी ती सगळीकडे पसरली नाही, कारण साडेबासष्ट हजार गोळ्या वाकून खोचायला मजूर लागतात. पुन्हा तेच.

आजऱ्याच्या घनसाळ भाताकडे आता यायला हवं. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे उंच, उशिरा येणारं, वासाचं भात. युरियाने त्याचा वास जातो असं गावात छातीठोकपणे सांगतात. मी तेवढ्या छातीठोकपणे सांगणार नाही. भाताला वास देणारा मुख्य रेणू १९८० च्या दशकात ओळखला गेला, त्याचा कच्चा माल असलेलं प्रोलिन हा नत्रयुक्तच पदार्थ आहे, तेव्हा नत्र आलं की वास गेला इतकं सरळ ते नाही. पण युरियाने घनसाळ माजतं, पावसाळी वाऱ्यात आडवं पडतं आणि लोळलेल्या भाताचा तांदूळ तुटतो, हे डोळ्यांनी दिसतं. पोत्याचं गणित ज्या पिकात चालत नाही असं हे पीक आहे. म्हणून आजऱ्यात शेणखत टिकलं तर ते प्रवचनांनी टिकणार नाही, घनसाळच्या खाचरात टिकेल, आणि भाव मिळाला तरच टिकेल.

तेव्हा पुण्या-मुंबईत आजरा घनसाळ घेणाऱ्याने ‘सेंद्रिय आहे ना?’ एवढं विचारून थांबू नये. किती गाड्या खत घातलं, ते कोणी वाहिलं आणि त्याची मजुरी किलोच्या भावात धरली आहे का, हे विचारावं. धरली असेल तर घासाघीस करू नये. आणि शेतकऱ्याने मृदा आरोग्य पत्रिका हातात आल्यावर नत्राच्या आकड्याकडे जाण्याआधी सामू (मातीची आम्लता) आणि सेंद्रिय कर्ब हे दोन आकडे पाहावेत. सामू साडेपाचच्या खाली असेल तर पहिला खर्च चुन्यावर करावा, युरिया नंतर.